हवेचीही साक्ष काढा : हवामान करारातील सदस्य देशांच्या प्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल आराखडा करारातील सदस्य देशांचे प्रतिनिधी

विषय : उत्सर्जन घटल्याच्या दाव्यांची स्वतंत्र पडताळणी धोरणाच्या मसुद्यातच बांधून घेण्याबाबत.

महोदय, महोदया,

सविनय निवेदन. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले हिशेब तपासण्यात माझी हयात गेली, आणि निवृत्तीनंतर हवामान धोरणांच्या परिणामांवर प्रसिद्ध होणारे संशोधन मी त्याच सवयीने वाचत आलो आहे : आकडा दिसला की तो कोणी लिहिला, कशावरून लिहिला आणि तो चुकला तर कोणाचे नुकसान होईल, हे आधी विचारायचे. या वाचनातून एकच मागणे तयार झाले आहे. ज्या धोरणातून किंवा प्रकल्पातून उत्सर्जन घटल्याचा दावा पुढे केला जाणार आहे, त्याच्या मसुद्यातच तो दावा कोण, कशाने आणि कधी पडताळणार हे लिहिलेले असावे. आणि पडताळणारा असा असावा की आकडा मोठा निघाला काय किंवा लहान निघाला काय, त्याच्या पदरात काहीच पडणार नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका कारखान्याच्या गोदामात साठा पडताळणीसाठी गेलो होतो. वहीत रसायनाची चारशे पिंपे होती आणि गोदामातही मोजून चारशेच भरली. ताळा जुळला म्हणून मी सहीसाठी पेन काढले, तेवढ्यात बरोबरच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी भिंतीलगतच्या रांगेतल्या एका पिंपावर बोटाच्या पेराने टकटक केले. पिंप पोकळ वाजले. मग सगळीच वाजवून पाहिली, तेव्हा त्या रांगेतली एकतीस पिंपे रिकामी निघाली. गोदामपाल खोटे बोलला नव्हता. त्याला पिंपे मोजायला सांगितले होते आणि त्याने ती चोख मोजली होती. आत काय आहे हे पाहण्याचे काम कोणालाच नेमून दिलेले नव्हते.

आपापल्या देशांच्या ज्या उत्सर्जन सूची आपण सादर करता, त्या बऱ्याच अंशी पिंपांची मोजणी आहेत. व्यवहार किती झाला याचा आकडा घ्यायचा, त्याला ठरावीक उत्सर्जन गुणांकाने गुणायचे आणि बेरीज लिहायची, ही त्यांची रीत. ती सरसकट चुकीची आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. कोळसा, तेल आणि वायू जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत ही रीत चांगली चालते, कारण इंधन किती विकले गेले याच्या नोंदी असतात आणि त्यात कार्बन किती असतो हे प्रयोगशाळेत ठरवता येते. अडचण येते ती गळतीतून निसटणारा मिथेन, शीतकांचे (फ्रिज, वातानुकूलन यंत्रांतले) वायू, जमीन आणि जंगल यांच्याबाबत, आणि त्याहीपेक्षा जे उत्सर्जन घडलेच नाही त्याच्या हिशेबात.

मिथेनचे उदाहरण घ्या. खनिज मिथेनचा एक टन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या एका टनाच्या ऐंशीपटींहून अधिक उष्णता अडवतो, पण तो हवेत जेमतेम बारा वर्षे टिकतो. म्हणजे आज थांबवलेल्या गळतीचे फळ याच पिढीला दिसू शकते. म्हणूनच २०२१ मध्ये ग्लासगो येथे अनेक देशांनी २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत मिथेनचे उत्सर्जन ३० टक्क्यांनी कमी करण्याचा सामूहिक संकल्प सोडला. मात्र त्या २०२० च्या आकड्याचाच भरवसा किती, हा प्रश्न त्या सभागृहाबाहेर राहिला. अमेरिकेतील तेल आणि वायूच्या साखळीबाबत २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने गळती सरकारी सूचीतील आकड्यापेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त असल्याचे दाखवले. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने तिथल्याच सहा उत्पादक प्रदेशांवर विमानांतून घेतलेल्या जवळपास दहा लाख मोजण्या तपासल्या. एका प्रदेशात गळती वायू उत्पादनाच्या ०.७५ टक्के निघाली, दुसऱ्या एका प्रदेशात ९.६३ टक्के, आणि सगळ्यांची मिळून सरासरी राष्ट्रीय सूचीच्या सुमारे तिप्पट.

यात मला खटकणारी गोष्ट तिप्पट ही नाही. ती ०.७५ आणि ९.६३ यांच्यातली दरी आहे. गुणांकाच्या पद्धतीत झडप ती झडप आणि टाकी ती टाकी. प्रत्येकीच्या नावावर सारखेच उत्सर्जन पडते. प्रत्यक्षात गळती अशी वाटून होत नाही. मोजमापांचे आधीचे संकलन सांगते की सर्वांत मोठ्या पाच टक्के गळत्यांमधून एकूण गळतीचा निम्म्याहून अधिक वायू जातो. एखाद्या साठवण टाकीचे वरचे झाकण कोणीतरी नमुना घेण्यासाठी उघडले आणि नीट लावायचे राहून गेले. साध्या डोळ्यांना तिथे निरभ्र आकाशाखेरीज काही दिसत नाही. अवरक्त कॅमेरा रोखला की त्याच फटीतून धुराच्या लोटासारखा वायू अखंड वर चढताना दिसतो. ते झाकण दाबून बसवायला दोन मिनिटे पुरतात. पण सूचीत त्या टाकीपुढे शेजारच्या धडधाकट टाकीइतकाच आकडा लिहिलेला असतो, त्यामुळे दोन मिनिटांचे ते काम करायला कोणाला पाठवायचे हेच कळत नाही. चुकीच्या सूचीचे खरे नुकसान बेरीज चुकण्यात नसून दुरुस्ती कुठे करायची हे झाकले जाण्यात आहे.

आता जे घडलेच नाही त्याच्या हिशेबाकडे येतो, म्हणजे कार्बन क्रेडिटकडे. इथे माझ्यातला लेखापरीक्षक सर्वांत अस्वस्थ होतो. जंगल तुटणार होते ते वाचवले, धुराची चूल वापरली जाणार होती ती बदलली, असे म्हणून वाचलेल्या प्रत्येक टनामागे एक क्रेडिट विकले जाते. वाचलेला टन कोणी तोलू शकत नाही. प्रकल्प नसता तर काय झाले असते, या कल्पित आधाररेषेतून प्रत्यक्षातले उत्सर्जन वजा करून तो काढायचा असतो. ही आधाररेषा प्रकल्प चालवणाराच आखतो, त्याला मिळणारी क्रेडिटे तिच्यावर ठरतात, आणि ऐच्छिक बाजारात तपासनीस निवडतो आणि त्याचे शुल्क भरतोही तोच. (आमच्या व्यवसायातही लेखापरीक्षकाचे शुल्क कंपनीच भरते आणि त्याची फळे आम्ही भोगलेली आहेत, त्यामुळे हे वाक्य मी तोऱ्यात लिहीत नाही.)

तरीही नेहमीच्या व्यापारात एक नैसर्गिक राखणदार असतो. गोणी कमी भरली तर घेणारा बोंब मारतो. क्रेडिटच्या व्यवहारात घेणाऱ्यालाही धान्य नको असते, त्याला पावती हवी असते. आणि पावतीवरचा आकडा मोठा असण्यातच विकणारा, घेणारा व मधला दलाल या तिघांचेही भले असते. ज्याचे नुकसान होते ते वातावरण त्या टेबलाशी बसलेले नसते.

परिणाम काय झाला ते २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या पद्धतशीर आढाव्यात दिसते. त्यात तोवर दिल्या गेलेल्या एकूण क्रेडिटांपैकी सुमारे एक पंचमांश, म्हणजे जवळजवळ एक अब्ज टनांची क्रेडिटे तपासली गेली, आणि त्यातली १६ टक्क्यांहून कमी खऱ्या घटीची निघाली. सुधारित चुलींच्या प्रकल्पांत हे प्रमाण ११ टक्के होते, तर जंगलतोड टाळण्याच्या प्रकल्पांत २५ टक्के. त्याच्या आदल्या वर्षी सहा देशांतील जंगल प्रकल्पांवर झालेल्या अभ्यासाने तर प्रकल्पक्षेत्राची तुलना तशाच, पण प्रकल्प नसलेल्या भूभागांशी केली, आणि अपेक्षित क्रेडिटांपैकी अवघ्या सहा टक्क्यांना खऱ्या घटीचा आधार सापडला. त्या तुलनेत विशेष अवघड असे काही नव्हते. उपग्रहांची छायाचित्रे उपलब्धच होती. पण ती करणे कोणावर बंधनकारक नव्हते.

एक जुने प्रकरण इथे मुद्दाम सांगतो, कारण आपल्यापैकी काही जण त्या वेळीही या वाटाघाटींत होते. शीतकासाठी एचसीएफसी-२२ बनवताना एचएफसी-२३ हा वायू आपोआप तयार होतो. क्योटो या आधीच्या हवामान कराराच्या हिशेबात त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांबरोबर धरला जाई, आणि तो जाळून नष्ट करण्याचा खर्च त्या मानाने किरकोळ होता. साहजिकच काही कारखान्यांसाठी मूळ मालापेक्षा कचरा जाळण्याची क्रेडिटे अधिक किफायतशीर ठरली, आणि क्रेडिट मिळते तोवर कचरा जास्त व मिळेनासे झाले की कमी, असा विचित्र आलेख संशोधकांना दिसू लागला. शेवटी युरोपीय संघाने २०१३ पासून आपल्या बाजारात ही क्रेडिटे चालू देणे बंद केले. गंमत अशी की वर सांगितलेल्या २०२४ च्या आढाव्यात सर्वांत चांगले गुण याच प्रकारच्या प्रकल्पांना मिळाले आहेत : ६८ टक्के. ज्याची बदनामी झाली तोच वर्गात पहिला आला. पण त्यालाही कारण आहे. कारखान्याच्या नळीतून जाणारा वायू मापकाने मोजता येतो. जंगलाबाहेर उभी राहिलेली कल्पित कुऱ्हाड मोजता येत नाही.

इतके वाचून आपण म्हणाल की हा माणूस फक्त खोट काढतो. म्हणून पडताळणीतून जे चांगले हाती लागले आहे तेही सांगतो. त्यातले माझे सर्वांत आवडते प्रकरण ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारातले आहे. सीएफसी-११ या वायूच्या उत्पादनावर २०१० पासून जगभर बंदी होती आणि सर्व देशांचे अहवाल उत्पादन शून्यावर आल्याचे सांगत होते. कागद निर्दोष होते. मात्र दूरदूरच्या बेटांवर आणि पर्वतांवर बसवलेली उपकरणे हवेचे नमुने घेत राहिली, आणि २०१८ मध्ये संशोधकांनी जाहीर केले की २०१२ नंतर हवेतल्या सीएफसी-११ ची घट जवळपास निम्म्याने मंदावली आहे, म्हणजे कुठेतरी तो नव्याने तयार होत असला पाहिजे. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियातील गोसान आणि जपानमधील हातेरुमा येथील केंद्रांच्या नोंदी वाऱ्यांच्या दिशेशी ताडून पाहिल्यावर वाढीचा ४० ते ६० टक्के भाग पूर्व चीनमधून, मुख्यतः शानडोंग आणि हबेई प्रांतांच्या आसपासून येत असल्याचे दिसले. इमारतींच्या उष्णतारोधक फोमसाठी तो वापरला जात असल्याचे पत्ते लागले, कारवाई झाली, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत उत्सर्जन पुन्हा खाली आलेले दिसले. हवेने साक्ष दिली, ती ऐकली गेली आणि दुरुस्ती झाली. यात कोणत्याही देशाच्या सार्वभौमत्वाला धक्का लागला नाही. वारा सीमा ओलांडून आला आणि शेजाऱ्याने त्याची बाटली भरून घेतली, इतकेच. उरलेली वाढ कुठून येत होती हे मात्र तेव्हा नीट सांगता आले नाही, कारण जगाच्या मोठ्या भागांवरून येणारा वारा टिपेल असे केंद्रच नव्हते.

धोरणांच्या बाबतीतही मागे वळून केलेली तपासणी उपयोगी पडते आहे. २०२४ मध्येच ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने १९९८ ते २०२२ या काळातील ४१ देशांमधली सुमारे १,५०० हवामान धोरणे तपासली आणि उत्सर्जनात मोठी घट झाल्याची ६३ उदाहरणे शोधली. वर्तमानपत्रांनी यातून ‘बाकीची सगळी धोरणे फसली’ असा मथळा काढण्याची शक्यता होती आणि तो काही ठिकाणी निघालाही. तो अर्थ चुकीचा आहे. उत्सर्जनाच्या रेषेत ठळक मोड आला तरच ही पद्धत तो पकडते, हळूहळू झिरपणारा परिणाम तिच्या जाळ्यातून सुटतो. तिने सांगितलेली कामाची गोष्ट वेगळीच आहे : नुसते अनुदान किंवा नुसती बंदी सहसा मोठी घट घडवत नाही, तीच साधने किमतीच्या किंवा कराच्या जोडीला आली की घडवतात. कार्बनवरील किमतीबाबतही, म्हणजे उत्सर्जनावर कर किंवा परवान्याचे मोल लावण्याबाबतही, आता अंदाजावर बोलण्याची गरज उरलेली नाही. २१ योजनांवरील अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर त्यांपैकी किमान १७ योजनांत उत्सर्जन पाच ते २१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले, आणि अनुकूल निष्कर्षच अधिक छापले जातात हा दोष वगळल्यावरही ही घट चार ते १५ टक्के उरली. कार्बनवर किंमत लावायची की नाही यावर जी भाषणे अजून होतात, ती करणाऱ्यांनी हे आकडे एकदा नजरेखालून घालावेत.

जमिनीबाबत थोडक्यातच लिहितो. देशांच्या सूची आणि शास्त्रज्ञांची जागतिक संगणकीय प्रारूपे यांच्यात जमिनीने शोषलेल्या कार्बनच्या आकड्यात दरसाल काही अब्ज टनांची तफावत आहे. तिचे मुख्य कारण लबाडी नसून ‘व्यवस्थापनाखालील जंगल’ म्हणजे काय याच्या दोन व्याख्या आहेत. एकाच उद्दिष्टाच्या हिशेबात दोन व्याख्या चालू देणे मात्र कोणत्याही वहीत खपवून घेतले जात नाही.

आपल्या बाजूच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पॅरिस कराराच्या तेराव्या अनुच्छेदाने पारदर्शकतेची व्यवस्था हस्तक्षेप न करणारी, दंड न करणारी आणि राष्ट्रीय सार्वभौमत्वाचा मान राखणारी असावी असे ठरवले आहे, आणि ज्यांना उत्सर्जनाचा जुना भार कमी त्यांच्यावर मोजणीचा नवा भार टाकू नये ही मागणीही रास्त आहे. उपकरणांना पैसे लागतात. शिवाय ती कोणाच्या तरी कृपेवर ठेवता येत नाहीत : मिथेन मोजण्यासाठी एका स्वयंसेवी संस्थेने पुढाकार घेऊन मार्च २०२४ मध्ये सोडलेल्या मिथेनसॅट उपग्रहाशी जून २०२५ मध्ये संपर्क तुटला, आणि इतक्या मोठ्या कामाची एक खिडकी वर्षसव्वावर्षात बंद झाली. पण मोजणी म्हणजे नेहमी फास आवळणे असेही नाही. ब्रिटन आपल्या सूचीची हवेतील नोंदींशी नियमित तुलना करते. तिथे एचएफसी-१३४ए या शीतकाच्या बाबतीत सूचीतला आकडा हवेतल्या आकड्यापेक्षा जास्त असल्याचे दिसले, म्हणजे देश स्वतःवर नसलेले कर्ज लिहीत होता. स्वित्झर्लंडही अशी तुलना करतो. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीने (आयपीसीसी) २०१९ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत या पडताळणीची रीत दिलेली आहे, आणि युरोपीय संघाने २०२४ च्या मिथेन नियमांत ऊर्जा कंपन्यांना गुणांकाऐवजी मोजमापाकडे जायला लावले आहे. म्हणजे मी मागतो आहे ते अपूर्व नाही, फक्त विखुरलेले आहे.

आपले पहिले द्वैवार्षिक पारदर्शकता अहवाल २०२४ अखेर द्यायचे होते, पुढचे २०२६ अखेर द्यायचे आहेत, आणि सर्व देशांच्या एकत्रित प्रगतीचा दुसरा जागतिक आढावा २०२८ मध्ये व्हायचा आहे. त्या आढाव्यापुढे येणाऱ्या अहवालांत मिथेन आणि शीतकांच्या आकड्यांशेजारी ‘हवेतील मोजणीनुसार’ असा एक रकाना असावा. ज्या देशाकडे मोजणी नाही त्याने तसे लिहावे, आणि केंद्रे कुठे कमी आहेत याचा नकाशा त्यातूनच तयार होऊन त्यांचा खर्च सामाईक निधीतून व्हावा. पॅरिस कराराच्या सहाव्या अनुच्छेदाखाली देशादेशांत होणाऱ्या व्यवहारातील क्रेडिटांचा तपासनीस प्रकल्पचालकाने न निवडता सामाईक यादीतून चिठ्ठी टाकून नेमावा, त्याचे शुल्क सामाईक खात्यातून जावे, आणि आधाररेषा एकदाच आधी न ठरवता प्रत्यक्षात तुलनायोग्य भूभागांत काय घडले ते पाहून मागाहून दुरुस्त करावी. कोणतेही नवे धोरण जाहीर करताना त्याच्याशी तुलना कशाची होणार आणि आधारसामग्री कुठे खुली ठेवली जाणार हे त्याच दिवशी सांगावे, कारण निकाल हाती आल्यावर निवडलेला निकष हा निकष नसतो, हे आमच्या व्यवसायात पहिल्या वर्षी शिकवतात.

या सगळ्यात पैशांपेक्षा अवघड असे एक आश्वासन आपल्याला एकमेकांना द्यावे लागेल. सूची आणि हवा यांच्यातली तफावत जो देश स्वतःहून लिहील, त्याला त्या नोंदीवरून कोणत्याही बैठकीत धारेवर धरले जाणार नाही. ते आश्वासन आधी न मिळाल्यास मी सुचवलेला रकाना कोराच राहील, आणि तो कोरा ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला मी तरी दोष देणार नाही.

आपला विनम्र,
एक निवृत्त लेखापरीक्षक